स्मरणिकेच्या ४३ फाइली आणि हयात सरांच्या नावाआधी 'कै.'

सांजवात | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही लाज बाजूला ठेवून.

आमच्या शाळेला ७५ वर्षं झाली म्हणून आम्ही माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढली. १२८ पानं, ६०० प्रती. संपादनाला चौघं: मी नाशिकला, एक मैत्रीण विरारला, एक वर्गमित्र शारजात आणि एक पुण्यात. पानं लावायला गावातलाच डीटीपीवाला. पाचही जण मनापासून राबलो. तरी छापून आलेल्या अंकात पान ३७ वर आमच्या गणिताच्या सरांच्या नावाआधी 'कै.' आहे. सर ठणठणीत आहेत. प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी ते पान बघितलं, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि मला जवळ बोलावून विचारलं, "तेराव्याला जेवायला काय केलं होतं गं?"

सगळे हसले. मला त्या रात्री झोप नाही.

कारण ही चूक आम्हाला आधीच सापडली होती! सापडली, दुरुस्त झाली आणि परत आली. दोन दिवस जुने मेसेज उकरून मी तिचा माग काढला, तो असा. एकाच आडनावाचे दोन सर, त्यातले एक वारलेले. यादी टाइप करताना 'कै.' दुसऱ्यांना लागलं. विरारच्या मैत्रिणीने दुसऱ्या प्रुफावर लाल पेनाने ते खोडलं. डीटीपीवाल्याने पानावर दुरुस्त केलं. वर्डच्या फाइलीत मात्र कोणीच केलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केलं असेल. चार दिवसांनी देणगीदारांची नावं वाढली म्हणून शारजावाल्याने त्याच्याकडची वर्ड फाइल, शिक्षकांच्या यादीसकट, पुन्हा पाठवली. डीटीपीवाल्याने तो सबंध मजकूर पानांत नव्याने ओतला. 'कै.' परत हजर. शिवाय शारजावाल्याची फाइल ९ तारखेची होती, त्यामुळे मी ११ तारखेला केलेल्या तीन दुरुस्त्याही गेल्या. त्या कोणाच्या लक्षात आल्या नाहीत एवढंच.

फोल्डरमध्ये आज ४३ फाइली आहेत. 'स्मरणिका_अंतिम', 'स्मरणिका_अंतिम_२', 'अंतिम_सुधारित', 'अंतिम_खरंच_अंतिम', 'अंतिम_खरंच_अंतिम (१)' आणि माझी लाडकी 'ही_घ्या'.

आता विचारायचं ते असं. पुढच्या वर्षी शाळेचा सविस्तर इतिहास करायचा आहे. लिहिणारे अकरा जण. आमच्यात संगणकवालं कोणी नाही. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

---

चहाबाज | मंगळवार, रात्री ११:५२

'ही_घ्या' वाचून चहा सांडला. आमच्या सोसायटीच्या उपविधींच्या 'अंतिम' नावाच्या सात फाइली आहेत आणि दर सर्वसाधारण सभेला आठवी निघते. सरांना साष्टांग.

---

गावठी_इंजिनीयर | बुधवार, सकाळी ८:१५

ताई, सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी शाळेतली कच्ची वही आणि पक्की वही आठवा. कच्च्या वहीत खाडाखोड करायची, बाईंनी तपासलं की पक्क्यात उतरवायचं. कच्ची प्रत्येकाची आपापली, पक्की ती तपासायला जाणार. तुमच्या ४३ फाइलींपैकी सगळ्याच्या सगळ्या कच्च्या वह्या होत्या. पक्की वही नव्हतीच.

प्रोग्रॅमर लोकांचं हे दुखणं फार जुनं आहे. १९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस नावाचा प्रोग्रॅम लिहिला, तो याचसाठी. मग ऐंशीच्या दशकात वॉल्टर टिची यांचा आरसीएस. या दोघांची रीत कुलपाची: ज्याला बदल करायचा त्याने फाइल 'बाहेर काढायची', तोवर बाकीच्यांनी नुसती वाचायची. पुढे सीव्हीएस आणि त्याच्या उणिवा काढायला सबव्हर्जन आलं. सबव्हर्जनचं काम २००० साली सुरू झालं, १.० आवृत्ती फेब्रुवारी २००४ मध्ये निघाली. मी पहिल्या नोकरीत त्याच्यावरच हात साफ केला.

तिथे 'वर्किंग कॉपी' हा रोजचा शब्द. सर्व्हरवर एक भांडार, त्यात आजवरची प्रत्येक आवृत्ती क्रमांकाने ठेवलेली. तुम्ही तिथून आपल्या मशिनवर एक प्रत उतरवून घ्यायची, ती वर्किंग कॉपी. त्यात हवा तो गोंधळ घाला, दुसऱ्याला काही त्रास नाही. झालं की भांडारात जमा, म्हणजे कमिट. जमा करण्याआधी अपडेट, म्हणजे मधल्या काळात दुसऱ्यांनी काय केलं ते आपल्या प्रतीत ओढून घ्यायचं.

पण खरी मेख पुढे आहे. त्या वर्किंग कॉपीला *ठाऊक असतं* की ती कोणत्या आवृत्तीवरून उतरवली आहे. सोबत एका लपवलेल्या फोल्डरमध्ये मूळ मजकुराची हात न लावलेली प्रत ठेवलेली असते. तुम्ही आवृत्ती ९ वरून काम केलं, दरम्यान कोणी त्याच फाइलीत बदल करून ११ जमा केली आणि तुम्ही तुमची जमा करायला गेलात, तर सर्व्हर सरळ नाही म्हणतो. तुमची प्रत शिळी आहे, आधी अपडेट करा. तुमचे शारजाचे मित्र इथेच अडले असते.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलीला आपले आईबाप ठाऊक नसतात. ती फक्त म्हणते, मी 'अंतिम' आहे.

---

सांजवात | बुधवार, सकाळी ९:०५

हे पहिल्यांदा कोणीतरी मला समजेल असं सांगितलं. पण सर्व्हरने नाही म्हटलं तर पुढे काय? माझी आणि त्याची फाइल एक कशी करायची? मी दोन्ही शेजारीशेजारी उघडून बघितल्या होत्या. एकीत 'कै.' आहे, एकीत नाही. त्यावरून कुठली खरी हे कसं कळणार?

---

गावठी_इंजिनीयर | बुधवार, सकाळी ९:४०

नाही कळणार. दोन फाइली शेजारी ठेवून ते कोणालाच कळणार नाही. एकीत 'कै.' नाही, म्हणजे कोणी काढलं? की दुसरीत कोणी घातलं? दोन्ही तितकंच शक्य आहे.

तिसरी फाइल लागते: दोघी जिच्यावरून निघाल्या ती मूळ प्रत. मुळात 'कै.' होतं, मैत्रिणीच्या प्रतीत नाही, म्हणजे तिने काढलं. शारजाच्या प्रतीत जसंच्या तसं आहे, म्हणजे त्याने त्या ओळीला हातच लावलेला नाही. ज्याने हात लावला त्याचं ऐकायचं. देणगीदारांच्या यादीत उलटं: मुळात कमी नावं, मैत्रिणीकडे तेवढीच, शारजाकडे जास्त, तेव्हा तिथे शारजाचं ऐकायचं. निकाल: 'कै.' गेलं, देणगीदार आले. कोणाला विचारायची गरज पडली नाही. याला थ्री-वे मर्ज म्हणतात आणि मशीन ते क्षणात करतं.

दोघांनीही एकाच ओळीला वेगवेगळा हात लावला असेल तरच मशीन हात वर करतं आणि दोन्ही मजकूर एकाखाली एक मांडून तुम्हाला विचारतं. तो 'कॉन्फ्लिक्ट'. नाव भांडणाचं असलं तरी घाबरायचं काही नाही. मशीन तिथे प्रामाणिकपणे सांगतं की मला माहीत नाही. तुमच्या डीटीपीवाल्याने तेवढं विचारलं असतं तर हा धागा निघालाच नसता.

---

पेन्शनर_पाटील | बुधवार, सकाळी ११:२०

हे मर्ज-बिर्ज तुमचं तुम्हाला लखलाभ. मी ३४ वर्षं बँकेत काढली. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या कोणाकडे याचं रजिस्टर असायचं. घेताना सही, देताना सही. किल्ली एकाकडे असताना दुसरा आत जाऊच शकत नाही, मग भानगड होईलच कशी? ताई, एक फाइल ठेवा. ज्याच्याकडे असेल त्यानेच लिहायचं. झालं की ग्रुपवर 'सोडली' असं टाकायचं. फुकटात होतं.

---

भटक्या_वेताळ | बुधवार, सकाळी ११:४८

पाटीलकाका, पद्धत चांगली आहे, पण किल्ली घेऊन माणूस केदारनाथला गेला तर? आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या वार्षिकात अगदी हेच झालं. 'माझ्याकडे आहे' असं टाकून गडी बारा दिवस रेंजबाहेर. आम्ही शेवटी जुनी प्रत काढून पुढे गेलो, तो आला तो स्वतःच्या वीस पानांच्या दुरुस्त्या घेऊन. मग काय, दोन कच्च्या वह्या.

आणि कुलपं मागे राहतात. लिब्रऑफिस (वर्डसारखंच सॉफ्टवेअर) फाइल उघडताना शेजारी एक छोटी लपवलेली लॉक फाइल बनवतं. वीज गेली, मशीन बंद पडलं की ती तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशी 'ही फाइल अमक्याने उघडली आहे' म्हणून सांगते. तो अमका म्हणजे कालचे आपणच.

---

पेन्शनर_पाटील | बुधवार, दुपारी १२:०२

आमच्याकडे दुसरी किल्ली असायची. तीही रजिस्टरात. माणूस रजेवर जाताना किल्ली कोणाला दिली ते लिहूनच जायचा. तुमच्या वार्षिकात खोट कुलपाची नव्हती, रजेच्या अर्जाची होती.

---

मुद्रितशोधक | बुधवार, दुपारी ३:३०

पाटीलसाहेबांशी निम्मा सहमत, कारण छपाईच्या कामात निम्म्या वेळेला कुलूपच लागतं. मी बावीस वर्षं प्रुफं वाचतो आहे. सांजवातताईंनी सांगितलेली चूक दर दिवाळी अंकाच्या हंगामात एकदा तरी होते, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही.

गावठी_इंजिनीयर यांनी सांगितलेलं सगळं साध्या मजकुराला लागू आहे. पानं लावलेल्या फाइलीला नाही. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरची फाइल ओळींची बनलेली नसते, दोन माणसांनी तिच्या दोन प्रतींवर काम केलं तर त्या कुठलंही मशीन जुळवून देत नाही. म्हणून ते सॉफ्टवेअर स्वतःच फाइल उघडली की शेजारी लॉक फाइल टाकतं.

पण तुमचा घोटाळा त्याच्याही आधीचा आहे. मजकूर पानांत ओतल्यावर एकाच लेखाचे दोन मालक झाले: वर्डची फाइल आणि पान. प्रुफावरच्या दुरुस्त्या पानावर होतात, वर्डमध्ये परत जात नाहीत. कोणी वर्ड पुन्हा ओतलं की पानावरचं सगळं पुसलं जातं. इनडिझाइनमध्ये वर्डची फाइल लिंक करून ठेवली असेल तर ती नुसती 'अपडेट' केली तरी हेच होतं. एक इशारा येतो खरा. रात्री दोन वाजता इशारे कोण वाचतो?

म्हणून आमच्याकडे 'मजकूर गोठला' अशी एक तारीख असते. त्या तारखेपर्यंत वर्ड खरं. लेखकांना काय खेळायचं ते खेळू दे. तारीख उलटली, पहिलं प्रूफ निघालं, की वर्डच्या सगळ्या फाइली 'बंद' नावाच्या फोल्डरमध्ये जातात आणि तिथून पुढे पान खरं. देणगीदारांची पाच नावं वाढली? पाच नावंच पाठवा, कोणत्या पानावर कोणत्या नावाखाली ते लिहून. सबंध फाइल पाठवायची नाही. पाठवली तर डीटीपीवाल्याने ती उघडायची नाही, पाठवणाऱ्याला फोन करायचा.

प्रुफावर क्रमांक, तारीख, वाचणाऱ्याची सही. दुसरं प्रूफ वाचताना पहिलं शेजारी हवंच, कारण आपल्याला दोन गोष्टी बघायच्या असतात: सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का, आणि *न सांगितलेलं काही हललं का*. दुसरी गोष्ट कोणी बघत नाही. तुमच्या शेवटच्या प्रुफाशेजारी दुसरं प्रूफ ठेवलं असतं तर 'कै.' पहिल्या मिनिटाला दिसलं असतं.

जाता जाता फाँटाचं. डीटीपीवाला जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळ्या मशिनांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फाँटात काम करत असेल तर तुमचा मजकूर तो कन्व्हर्टरमधून काढतो आणि त्यात जोडाक्षरं मोडतात. म्हणजे मजकुराची आणखी एक आवृत्ती, जी कोणीच वाचलेली नाही. पुढच्या कामाला युनिकोडमध्येच पानं लावणारा माणूस शोधा. मिळतात आता.

---

सांजवात | बुधवार, संध्या. ६:१५

"न सांगितलेलं काही हललं का." हे वाक्य मी चौकटीत लिहून टेबलासमोर लावलंय. शेवटचं प्रूफ मी वाचलं होतं. देणगीदारांची नावं आली का तेवढंच बघितलं. पान ३७ उघडलंसुद्धा नाही.

---

रानमेवा | बुधवार, रात्री ९:१०

मला एक कळत नाही, सगळे मिळून गूगल डॉक्समध्येच का लिहीत नाही? एकच फाइल, सगळ्यांना एकाच वेळी दिसते, कच्ची-पक्कीचा प्रश्नच नाही. व्हर्जन हिस्टरीत कोणी काय केलं ते रंगांत दिसतं, मागे जाता येतं. आम्ही महिला मंडळाचा अंक तीन वर्षं असाच करतोय. तीन गोष्टी मात्र ठोकून सांगते.

टप्पा पूर्ण झाला की हिस्टरीत त्या आवृत्तीला नाव द्या. 'पहिलं वाचन झालं', 'सरांनी तपासलं' असं. नाव नसलेल्या बारीक नोंदी गूगल पुढे एकत्र करून टाकतं, मग नेमकी हवी ती सापडत नाही.

लेखकांना थेट लिहायची परवानगी नाही, फक्त सुचवायची. त्यांचा बदल हिरव्या-निळ्या अक्षरांत दिसतो, संपादकाने स्वीकारला तरच आत जातो.

तिसरी, जिथे आमचं पहिल्या वर्षी नाक कापलं गेलं: कोणीतरी फाइल डाउनलोड करून वर्डमध्ये सुधारली आणि मेलने परत पाठवली. आता वाचणाऱ्यांना डाउनलोड, प्रिंट, कॉपी बंद करून टाकलंय. शेअर करण्याच्या सेटिंगमध्ये आहे ते.

---

गावठी_इंजिनीयर | बुधवार, रात्री ९:३५

रानमेवा +१. मी लिहायला गेलो असतो तर चार पानं लागली असती. एकच जोड देतो. ड्राइव्हवर गूगल डॉक नसलेल्या फाइली, म्हणजे फोटो, पीडीएफ, इनडिझाइन, ठेवल्या आणि वर नवी आवृत्ती चढवली, तर जुनी आवृत्ती साधारण ३० दिवसच राहते. 'कायम ठेवा' अशी खूण केली तरच टिकते. वर्षभराच्या कामात हे हमखास चावतं.

आणि ड्रॉपबॉक्समध्ये दोघांनी एकदम फाइल बदलली तर तो मर्ज करत नाही, नावापुढे 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' लावून दुसरी फाइल शेजारी ठेवतो. ती दिसली की त्याच दिवशी निकाल लावा. आठवड्याने कोणालाच आठवत नाही तिच्यात काय होतं.

---

भटक्या_वेताळ | गुरुवार, सकाळी ७:३०

मी उलटा अनुभव सांगतो. आमच्या किल्ल्यांच्या माहितीचं संकलन मी हट्टाने गिटवर, म्हणजे सबव्हर्जनच्याच जातीच्या सॉफ्टवेअरवर केलं. (गिट कोणी बनवलं ते इथे सगळ्यांना माहीत असेलच: लिनस टोरवाल्ड्स, एप्रिल २००५. लिनक्सवाल्यांना बिटकीपर हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर फुकट वापरायला मिळायचं ते बंद झालं म्हणून त्याने स्वतःच लिहायला घेतलं.) सबव्हर्जनपेक्षा फरक असा की तुमच्या मशिनवर नुसती शेवटची प्रत नाही, सगळा इतिहास येतो. गडावर नेट नसतानाही कमिट करता येतं, तेच मला हवं होतं.

पण मराठीत पहिल्याच दिवशी तोंडाला फेस आला. फाइलीला 'राजगड' नाव दिलं तर गिट दाखवतो '\३४०\२४४...' अशी आकड्यांची माळ (इंग्रजी आकडे समजा). त्याला देवनागरी नावं जशीच्या तशी दाखव म्हणून सांगणारी सेटिंग आहे, 'कोअर.कोटपाथ', ती 'फॉल्स' केली की नावं वाचता येतात.

मग परिच्छेद. गिट ओळीनुसार तुलना करतो आणि आपला परिच्छेद म्हणजे त्याच्या लेखी एकच लांबलचक ओळ. एक स्वल्पविराम बदलला तरी सबंध परिच्छेद लाल-हिरवा. दोघांनी एकाच परिच्छेदातली दोन वेगळी वाक्यं सुधारली की लगेच कॉन्फ्लिक्ट. शेवटी नियम केला, फाइलीत एका ओळीवर एकच वाक्य. छापताना ती आपोआप जुळतात.

सगळ्यात छळलं ते 'ऱ्या'ने. एका मित्राकडून फाइल आली की शेकडो ओळी बदललेल्या दिसायच्या आणि डोळ्याला फरक शून्य! 'दुसऱ्या' तोच, 'किनाऱ्या'वरचा किल्ला तोच. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं. अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक, 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलंत लावून, दोन, साध्या 'र'ला हलंत आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. माझा कीबोर्ड पहिली तऱ्हा, त्याचा दुसरी. दिसायला एक, मशीनला दोन.

---

गावठी_इंजिनीयर | गुरुवार, सकाळी ८:०५

वाह. ही 'ऱ्या'ची गोष्ट मी ऑफिसात चिकटवणार आहे. त्यात भर: 'ऱ'ची आणखी एक तऱ्हा आहे, 'र' आणि खाली नुक्ता, म्हणजे ठिपका. मॅकची जुनी फाइल पद्धत, एचएफएस प्लस, फाइलीच्या नावातली अशी अक्षरं स्वतःच फोडून ठेवायची. म्हणजे विंडोजवर 'दुसऱ्या_भाग' नावाची फाइल मॅकवर गेली की नाव आतून बदललेलं. गिटला त्यासाठी वेगळी सेटिंग द्यावी लागली. ताई, फाइलींच्या नावांत 'ऱ्या' टाळा आणि झोपा निवांत.

---

मुद्रितशोधक | गुरुवार, सकाळी १०:२०

म्हणूनच शोधा-बदला करताना 'दुसऱ्या' निम्म्या ठिकाणी सापडत नाही होय! मी इतकी वर्षं सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो.

---

पोथीवाला | गुरुवार, दुपारी १:४५

अवांतर होईल, तरी राहवत नाही. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षं होईतो तिच्या नकलांत मनस्वी पाठभेद शिरले होते. कोणी ओळ चुकवली, कोणी आपली ओवी घुसडली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, प्रती ताडून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. आणि शेवटी बजावून ठेवलं की या पाठात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. रानमेवाताईंनी 'लेखकांना फक्त सुचवायची परवानगी' म्हटलं ते हेच.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात केली, तीही हजारावर हस्तलिखितं ताडून. त्यांनी पानाच्या वरच्या भागात स्वीकारलेला पाठ छापला, खाली टाकलेले पाठभेद कोणत्या पोथीत आहेत त्यासकट. टाकलेलं फेकलं नाही. सांजवातताई, त्या ४३ फाइली पुसू नका.

---

चहाबाज | गुरुवार, दुपारी १:५८

'अंतिम_खरंच_अंतिम (१)' या पोथीतील पाठभेद: 'कै.' 😀

---

पेन्शनर_पाटील | गुरुवार, दुपारी ४:३०

एक शंका. व्हर्जनला सगळे 'आवृत्ती' म्हणताय. पुस्तकाची आवृत्ती म्हणजे मजकूर सुधारून काढलेली, नुसतं परत छापलं तर पुनर्मुद्रण. मग रोज दहा वेळा बदलणाऱ्या फाइलीला आवृत्ती कसं म्हणायचं?

---

मुद्रितशोधक | गुरुवार, दुपारी ४:५०

बरोबर पकडलंत. आमच्या खोलीत 'प्रत' म्हणतात. 'कितवी प्रत आहे?' 'तिसरी.' आवृत्ती हा शब्द प्रकाशकाला ठेवा. त्यातही काही जण पुनर्मुद्रणालाच आवृत्ती म्हणून खपवतात, तो धागा वेगळा.

---

सांजवात | रविवार, रात्री १०:३० (साडेतीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. काय ठरलं आणि काय चाललंय ते सांगते.

गिट घेतलं नाही. भटक्या, राग नसावा. अकरा जणांपैकी सातांचं वय साठीपुढचं आहे. प्रत्येक प्रकरणाचं वेगळं गूगल डॉक केलं. एकच मोठं केलं नाही, कारण ते फोनवर उघडायला जीव जातो. प्रत्येक प्रकरणाला एक धनी. बाकीच्यांनी सुचवायचं, स्वीकारायचं धन्याने. धनी आठ दिवसांपेक्षा जास्त बाहेर जाणार असेल तर आधी दुसऱ्याचं नाव लिहून जाणार (पाटीलकाका, तुमचा रजेचा अर्ज). मजकूर गोठायची तारीख ३१ जानेवारी. त्यानंतर पान खरं. डीटीपीवाल्यालाही सांगितलंय, तो म्हणाला, "ताई, हे आधी सांगितलं असतं तर मी त्या रात्री झोपलो असतो." तोही युनिकोडवर यायला तयार आहे, फक्त फाँट कुठला यावर आमचं भांडण चालू आहे.

जुन्या ४३ फाइली पुसल्या नाहीत. त्या 'बंद' फोल्डरमध्ये आहेत. त्यातल्या ९ आणि ११ तारखेच्या दोन फाइली वर्डच्या 'कम्पेअर'मध्ये घालून बघितल्या. माझ्या हरवलेल्या तीन दुरुस्त्या सापडल्या आणि एक अशी चूकही सापडली जी छापील अंकात अजून कोणालाच दिसलेली नाही. मी सांगणार नाही कुठे आहे.

गाडं अडलं ते एकाच ठिकाणी. १९७० च्या दशकातल्या शाळेचं प्रकरण गणिताच्या सरांकडे आहे आणि ते संगणकाला हात लावत नाहीत. हाताने लिहितात, नातू पानांचे फोटो काढून पाठवतो, मी टाइप करते. मी टाइप करेपर्यंत सर पुढची सुधारणा करून बसलेले असतात. म्हणजे ती शारजाचीच गोष्ट. मग भीतभीत त्यांना फोन केला, "सर, प्रत्येक पानावर कितवी प्रत ते घालाल का?" सर म्हणाले, "मी १९६८ पासून प्रश्नपत्रिका काढतोय. मला शिकवू नकोस."

काल फोटो आले. सोळा पानं. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात पान क्रमांक, तारीख आणि बदललेल्या ओळींना समासात रेघ. पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात लाल शाईने: 'प्रत दुसरी. पहिली फाडली आहे. लेखक हयात.'